नडगीचा डूख

हाड कशानं भरतं, असं मला कोणी विचारलं तर मी कॅल्शियमच्या गोळ्या, आराम वगैरे सांगत बसत नाही. मी सांगते, डूख धरा.

मी पोलीस भरतीची तयारी करत होते. वयाच्या अटीत बसणारी ही माझी शेवटची भरती. गडमुडशिंगीहून पहाटेच कोल्हापुरात यायचं आणि अकॅडमीच्या मैदानावर पळायचं. आमचे सर मूळचे तालमीतले. दुखण्यावर त्यांच्याकडं एकच औषध. गरम तेलानं रगडायचं आणि त्याच पायावर आणखी पळायचं. पैलवानाचं अंग असंच तयार होतं म्हणे. उजव्या नडगीत कळ यायला लागली तेव्हा मी दोन्ही केलं. रात्री आई दाबून चोळायची, मी बोंबलायचे, आणि सकाळी पुन्हा मैदानावर हजर.

एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. सरांनी ती फिल्म उन्हात धरून सगळ्या पोरींना दाखवली. "बघा, काय हाय का? काय न्हाय! हिला पोलीस व्हायचं न्हाय, हिला लगीन करायचंय." पोरी हसल्या. मीही हसले की, कसनुसं. आणि पळाले. शेवटच्या वळणावर पाय टेकवेना, तशी मातीतच बसले. सर जवळून जाताना म्हणाले, "नाटकी!"

आईनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नडगीवर एकाच जागी बोट दाबलं आणि मी टेबलावरनं उडालेच. एमआरआय केला, तर हाडाला बारीक तडा. एकाच जागी रोज हिसका बसून पडलेला. "हा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाच थांबली असतीस तर लवकर भरला असता. आणि चोळायला कोणी सांगितलं?" आईनं मान खाली घातली. तिचा काय दोष? सरांनी सांगितलं म्हणून तिनं चोळलं.

कुबड्या घेऊन रिक्षानं परत येताना मैदानाच्या गेटवरचा फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड दिसला. 'भावी वाघिणी'. त्यातल्या माझ्या तोंडावर दुसरीचं तोंड चिकटवलेलं. एवढ्यात? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी पडल्या पडल्या मी सरांना किती प्रकारे मारलं म्हणून सांगू! त्यांची नडगी उसाच्या ट्रॉलीखाली घातली. त्यांना शेणाच्या उकिरड्यात ढकललं, वर आणून पुन्हा ढकललं. आई नाचणीची आंबील घेऊन यायची. "नुसता राग खातीस, आता ही पी की," म्हणायची. मी प्यायचे. कारण त्यांच्या नाकावर टिच्चून पळायचं तर आधी हाड भरायला पाहिजे होतं, आणि भरती काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या चाल, तेवढंच चालले. थांब म्हणाल्या, की दात-ओठ खात थांबले. पळायला लागल्यावरही कळ आली की त्या दिवसापुरतं बंद. आयुष्यात एवढी शहाण्यासारखी मी कधीच वागले नव्हते.

भरती झाली. यादीत नाव आलं. आईनं गल्लीभर पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी गेटवर नवा बोर्ड. माझं तोंड आणि त्याच्या दुप्पट सरांचं. खाली लिहिलेलं, 'घडवणारे हात'. सत्काराचा निरोपही आला. आई म्हणाली, "कशाला जातीस? झालं गेलं सोड."

"जातो की," म्हटलं. "ह्याच दिवसासाठी तर आंबील ढोसली."

मैदानावर मला फेटा बांधला. सगळ्या पोरी रांगेत बसलेल्या. सर हार घेऊन उभे. माझ्या हातात माईक देऊन म्हणाले, "सांग ह्यांना, कशी तयारी करून घेतली आम्ही."

मी म्हटलं, "ज्यांची नडगी दुखतीया आणि सांगायचं भ्या वाटतंय, त्यांनी हात वर करा."

कोणी हललं नाही. सर हसले. मग पाठीमागच्या रांगेतला एक हात वर आला. मग तिच्या शेजारचा. मग पुढचे येतच राहिले. सर माईक घ्यायला पुढं आले, मी दिला नाही. त्यांच्या हातातला हार तसाच लोंबत होता, आणि मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! त्यांनी रांगेकडं डोळे वटारले, तसे दोन-तीन हात खाली जायला लागले.

"खाली न्हाय करायचं," मी म्हटलं. "त्यास्नी नीट बघू दे."