डोळा मिळाला की चालायचं

गाडीची पुढची काच पाहिली की ती कशी फुटली हे काचवालीला कुणी सांगावं लागत नसे. खडा उडून लागला असेल तर बारीक चांदणी उमटते. फांदी पडली असेल तर काच वरून खाली बसते. आतल्या माणसाचं डोकं आपटलं असेल तर काच बाहेर फुगते, आणि तड्यांत कधीकधी दोन-चार केस अडकलेले सापडतात. बाहेरच्या माणसाचं आपटलं असेल तर ती आत दबते. अशी दबलेली काच काढायची पाळी आली की ती संध्याकाळी मुलांना घट्ट जवळ घ्यायची, थोरली लेक "आई, दुखतंय" म्हणेपर्यंत.

काचवाली हे नाव तिला गल्लीने दिलं होतं. आठ वर्षं ती एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या काचा बदलायचं काम करत होती आणि तिच्या स्वतःकडे गाडी नव्हती, यावर गल्लीची चांगली करमणूक व्हायची. "लोकांच्या गाड्या नटवते आणि स्वतः येते चपला झिजवत," असं तळमजल्यावरचा शिंपी म्हणायचा. तीही हसायची. गाडी परवडत नव्हती हे तर होतंच. पण उद्या कुणी फुकट आणून दारात उभी केली असती तरी तिचं स्टिअरिंगला हात लावायचं धाडस झालं नसतं. नवरा दूर एका बोगद्याच्या कामावर होता आणि पंधरा दिवसांतून एका रविवारी घरी यायचा. उरलेले दिवस सहा वर्षांची थोरली, अडीच वर्षांचा धाकटा आणि मोठा रस्ता तिच्या एकटीच्या वाट्याला.

घर रस्त्याच्या अलीकडे. शाळा, शाळेला लागून पाळणाघर आणि पुढे शेड, हे सगळं पलीकडे. जाणाऱ्या दोन लेन, येणाऱ्या दोन लेन, मध्ये कंबरभर उंचीचा दुभाजक आणि त्यात माणूस उभा राहील एवढी फट. सिग्नल नाही. पूल होता, पण वीस मिनिटं लांब आणि बेचाळीस पायऱ्यांचा. धाकटा कडेवर आणि तीन पिशव्या खांद्यावर घेऊन तिने तो आठवडाभर चढून पाहिला. रोज उशीर झाला आणि गुडघ्यांनी संप पुकारला. सकाळची बस एक फार लवकर आणि दुसरी थेट दहाला. उरल्या त्या पांढऱ्या पट्ट्या. रंगवणाऱ्याने त्या मन लावून रंगवल्या होत्या, पण त्या कशासाठी असतात हे गाडीवाल्यांना सांगायचं राहून गेलं असावं.

रोज सकाळी पट्ट्यांपाशी आलं की तिला भीती वाटायची. दोन वर्षांत एकही दिवस चुकला नाही. आणि भीतीने माणूस हुशार होतो म्हणावं, तशी तिने एक युक्ती काढली होती. काचा बसवताना ती तासन्‌तास ड्रायव्हरच्या जागेवर बसायची. तिथून बाहेरचं काय दिसतं आणि काय नाही हे तिला पाठ होतं. तिने थोरलीला शिकवलं: गाडी हळू झाली एवढ्यावर जायचं नाही. काचेतून ड्रायव्हरचा डोळा शोधायचा. त्याने आपल्याकडे बघितलं की मग चालायचं. थोरलीने त्याचा खेळ करून टाकला. कुणी नजर दिली की ती जोरात ओरडायची, "डोळा मिळाला!" मग ती आईच्या पिशवीचा पट्टा धरायची आणि तिघं निघायची. धाकटाही कडेवरून "दोला, दोला" करायचा.

या सगळ्यावर सासूबाईंचं मत ठरलेलं होतं. त्या लहान गावात राहायच्या. घर गल्लीच्या टोकाला, तिथे रस्ताच संपायचा. "नुसतं खरचटलं जरी पोरांना," त्या फोनवर म्हणायच्या, "तरी मी येऊन दोघांना घेऊन जाणार. आधीच सांगून ठेवते. त्यालाही विचार, तो हो म्हणालाय." तो म्हणजे नवरा. तो खरंच हो म्हणाला होता. गाडी घेईपर्यंत, असं त्याचं म्हणणं. गाडी कधी घेणार हे मात्र तोही सांगू शकत नव्हता. म्हणजे रस्त्याला भ्यायचं ते भ्यायचंच, वर रस्त्याची भीती वाटते हे घरात कुणाला कळू द्यायचं नाही, असं दुहेरी काम काचवालीच्या मागे लागलं होतं.

त्या मंगळवारी पट्ट्यांपाशी धाकट्याच्या पायातला बूट गळून पडला. बूट उचलायला ती वाकली. पिशवीचा पट्टा थोरलीच्या हातातून सुटला असेल, नाहीतर तिनेच सोडवला असेल, ते नंतर कितीही आठवलं तरी आईला आठवेना. जवळच्या लेनमध्ये एक लाल छोटी गाडी थांबली. गाडी चालवणाऱ्या बाईने हसून हात केला.

"डोळा मिळाला!" थोरली म्हणाली आणि चालायला लागली.

काचवालीने मान वर केली तेव्हा मुलगी लाल गाडीच्या पुढून निघून दुसऱ्या लेनमध्ये पोचली होती. तिथून पांढरी व्हॅन येत होती.  टायर किंचाळले. व्हॅनच्या आत काहीतरी जोरात आदळलं. मग सगळं थांबलं, आणि थोरली व्हॅनच्या नाकापासून हातभर अंतरावर दप्तर पाठीला लावून उभी होती. तिला साधं खरचटलंही नव्हतं.

व्हॅनवाला उतरला. तोंड पांढरंफटक. "पोरं सांभाळता येत नाहीत तर रस्त्यावर आणता कशाला?" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याला बॉनेटचा आधार घ्यावा लागला.  एका हातात बूट, कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात थोरलीचं मनगट धरून काचवाली पलीकडे गेली. शाळेच्या फाटकाशी आल्यावर तिने धाकट्याला उतरवून बूट घातला. ती खाली बसली.

"मी डोळा बघितला होता, आई," थोरली रडवेली होऊन म्हणाली. "खरंच बघितला होता."

खरंच बघितला होता. तीच तर गोष्ट होती. डोळा शोधायला शिकवला होता, पण दोन लेन म्हणजे दोन डोळे, हे शिकवायचं आईच्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ वर्षांची हुशारी आणि त्यात एवढं मोठं भोक.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. मग जे म्हणू नये तेही म्हणाली. "पण हे बाबांना सांगायचं नाही. आजीला तर मुळीच नाही."

"का?"

"कारण काही झालंच नाही ना."

थोरलीने मान डोलावली. पण तिला पटलं नव्हतं, हे आईला दिसलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास शेडमध्ये तीच पांढरी व्हॅन आली.

काचवालीच्या हातातून पुसायचं फडकं गळून पडलं. पुढच्या काचेला मधोमध तडा होता आणि काच बाहेर फुगली होती. आतून मार बसला होता. व्हॅनवाल्याने तिला ओळखलं नाही. सकाळी तिच्या डोक्याला ओढणी गुंडाळलेली होती आणि आता डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मास्क. "मागची शिडी सरकून आदळली," तो म्हणाला. "आजच्या आज होईल का, ताई?"

शेडचा मिस्त्री जेवायला गेला होता. जुनी काच सोडवायला तिच्या कडेच्या गोंदातून तार फिरवावी लागते, एक माणूस आत आणि एक बाहेर, आळीपाळीने ओढत. "तुम्हीच धरा दुसरं टोक," ती म्हणाली आणि आत ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. तिथून बॉनेटची कड दिसत होती. हातभर पुढे उभं असलेलं सहा वर्षांचं मूल तिथून दिसेल ते फक्त केसांच्या भांगापुरतं. 

तार इकडून तिकडे जायला लागली, आणि व्हॅनवाला बोलायला लागला. त्याला कुणाला तरी सांगायचंच होतं.

"एक पोर आलं मध्ये. एवढंसं. माझीही दोन आहेत हो. सकाळपासून माझ्या पोटात अन्न गेलेलं नाही."

तिने तार ओढली. मास्कमधूनच ती म्हणाली, "पण तुम्ही वेळेवर बघितलंत तिला. नशीब."

"कुठलं बघितलं?" तो म्हणाला. "बघितलंच नाही मी. ती लाल गाडी मध्येच का थांबलीय म्हणून तिला शिव्या देत होतो. ब्रेक मारला तो खड्ड्यासाठी. काल नळासाठी खणून ठेवलाय ना पट्ट्यांच्या अलीकडे, चांगला गुडघाभर. मागच्याच आठवड्यात पुढचं चाक बदललं होतं, ते वाचवायला पाय पडला ब्रेकवर. खड्ड्याला लागून गाडी घसरत थांबली आणि मग बघतो तर समोर ती. खड्डा नसता तर..."  तार थांबली.

"ओढा," काचवाली म्हणाली.

तिने काच काढली, चौकट घासली, नवा गोंद लावला, नवी काच बसवली. एकही चूक झाली नाही. हात आपोआप चालत होते. डोक्यात फक्त एकच वाक्य फिरत होतं. तिची युक्ती नाही, ड्रायव्हरची नजर नाही, आईची काळजीही नाही. तिची लेक एका खड्ड्यामुळे जिवंत होती. "दोन तास गाडी हलवू नका, काच धरू दे," तिने त्याला सांगितलं. त्याने हात जोडले. आपण कोण, हे त्याला सांगावं असं तिला दोनदा वाटलं. तिने सांगितलं नाही.

परतताना ती दोन्ही मुलांना घेऊन पुलावरून आली. बेचाळीस पायऱ्या चढताना धाकटा झोपला.

संध्याकाळी सासूबाईंचा नेहमीचा फोन आला. काचवाली कणीक मळत होती, म्हणून थोरलीने उचलला. कशी आहेस, जेवलीस का, एवढंच काय ते आजीने विचारलं असेल.

"आजी, आज रस्त्यावर काहीच झालं नाही," थोरली म्हणाली.

काचवालीचे हात परातीत थांबले.

 स्पीकर लावलेला नसतानाही आजीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आईला दे फोन."

कणकेच्या हातांनीच तिने फोन घेतला. खोटं बोलायची तयारी तिने दुपारपासून करून ठेवली होती. तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच आलं नाही. तिने सगळं सांगितलं. बूट, लाल गाडी, व्हॅन, शिडी, खड्डा. थोरलीला गप्प बसायला सांगितलं तेही सांगितलं. सांगताना ती रडली नाही, पण शेवटी म्हणाली, "आई, मला फार भीती वाटते हो. रोज वाटते." दोन वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"मी उद्या पहाटेच्या गाडीने येते," सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

म्हणजे मुलं जाणार. मुलांचे कपडे कपाटातून काढून ती पलंगावर रचायला लागली, आणि मग पुन्हा कपाटात ठेवून दिले.

सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. नातवंडांना त्यांनी पोटाशी धरलं. सुनेला टाकून बोलल्या नाहीत. "सकाळी मला तो रस्ता दाखव," म्हणाल्या. "मग काय ते ठरवू. पोरांना कसं न्यायचं ते मी दाखवते तुला. तुम्ही आजकालच्या मुली निम्मं लक्ष फोनमध्ये ठेवता." 

गुरुवारी सकाळी चौघं पट्ट्यांपाशी उभी राहिली. सासूबाईंनी पदर खोचला होता आणि थोरलीचा हात स्वतःच्या हातात घेतला होता. काचवालीने आधी दुसऱ्या लेनकडे पाहिलं. खड्डा नव्हता. तो बुजवून वर डांबर ओतलं होतं, काळंभोर आणि गुळगुळीत, आणि गाड्या तिथे जराही हळू न होता सरळ पट्ट्यांवरून निघून जात होत्या.

एक ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने सासूबाईंचा पदर सुटला. दुसरा गेला. त्या एक पाऊल मागे आल्या, मग आणखी एक. थोरली त्यांच्याबरोबर ओढली गेली.

"रोज?" सासूबाईंनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"रोज. दोनदा."

 मुलांना घेऊन जाण्याचा विषय सासूबाईंनी काढला नाही, कसं न्यायचं ते दाखवण्याचाही नाही. थोरलीचा हात न सोडता त्यांनी दुसऱ्या हाताने सुनेच्या दंडाला धरलं, आणि ती बोटं इतकी घट्ट होती की काचवालीला दुखलं.  तिने धाकट्याला कडेवर वर सरकवलं आणि दोन्ही लेन रिकाम्या व्हायची वाट बघत राहिली.