पेटलेलं जहाज आणि आत्याचा दादा

मंडळी, आज इस्लामपूरला आत्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. नव्वदी ओलांडलेली आत्या संशयानं म्हणाली, "ह्यात काय काय जोडलंय रं?"

मग तिनं लहानपणीचं सांगितलं. महायुद्ध चालू होतं आणि तिचा थोरला भाऊ फौजेत होता. तंबूतल्या सिनेमाआधी युद्धाच्या बातम्या दाखवल्या. पडद्यावर आधी आपले शिपाई चालताना दिसले, लगेच एक जहाज पेटलं. तिच्या आईनं तिथंच हंबरडा फोडला. घरात सुतक पाळलं.

"पुढं दादा धडधाकट घरी आला. त्या जहाजात त्यो कवाच न्हवता. आमच्या आईनंच बसवला हुता त्याला!"

लागोपाठची दोन दृश्यं मेंदू आपोआप जोडतो, असं अभ्यासक सांगतात. मला आता व्हिडिओपेक्षा स्वतःच्या डोक्याचाच जास्त संशय येतोय. तुम्ही कधी असं मनानंच काही जोडलंय का?