एकवीस साक्षीदार

पुण्यातली नोकरी सुटल्यावर मी सेलूजवळच्या आमच्या गावी परत आलो, तो डोक्यात शहाणपण भरूनच. थोरले काका तेव्हा बिनफवारणीचा कापूस करत होते. सलग तीन वर्षं शेतात रासायनिक काही घातलं नाही, हे नोंदींनिशी दाखवलं की सेंद्रिय कापसाचा दाखला मिळणार होता. काका रोज वहीत लिहायचे. मी म्हणालो, वही उंदीर खातील, ब्लॉकचेनवर टाकू. एकच नोंद अनेक कॉम्प्युटरांवर राहते, कुणाला पुसता येत नाही.

मग मी नेटवर्कांचा तक्ताच मांडला. एक जुनं, हजारो साक्षीदार कॉम्प्युटरांचं, पण नोंद पक्की व्हायला वेळ लागायचा. दुसरं नवं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम फत्ते, साक्षीदार मात्र एकवीस. त्याच्या कोडमध्ये रोज डझनावारी बदल व्हायचे, म्हणजे काम जोरात चाललंय असं मी धरलं. मी बदल मोजले, करणारी माणसं मोजली नाहीत.

आमच्याकडे बांधाचा दगड रोवताना चारी बाजूंचे शेजारी बोलावतात, भावकीतला माणूस साक्षीला धरत नाहीत. त्याच सवयीनं काकांनी विचारलं, "हे एकवीस जण एकाच भावकीतले तर न्हाईत ना?"

मी हसलो. "काका, ते कॉम्प्युटर हायेत."

"कॉम्प्युटरला मालक असंलच की."

हे शोधायला मला अर्धा तास पुरला असता. तो मी दिला नाही. जन्मभर कापूस पिकवणाऱ्यानं मला काय शिकवायचं, हा माज होता, दुसरं काही नाही. काकांनी वही लिहिणं बंद केलं, आणि नोंदी मी त्या नव्या नेटवर्कवर चढवू लागलो.

तिसऱ्या हंगामात, वेचणी चालू असताना, ते नेटवर्क थांबलं. एकवीसच्या एकवीस मशिनी एकाच कंपनीच्या निघाल्या. तिचे पैसे संपले, तिनं त्या बंद केल्या. कोड लिहिणारे दोघेच होते, तेही केव्हाच दुसरीकडे गेलेले. मी आठवडाभर मेल पाठवत राहिलो. वेगळी प्रत मी ठेवली नव्हती. एकदा चढवलं म्हणजे कायमचं, असं मीच गावभर सांगत फिरलो होतो.

तपासणीला आलेल्या बाईंनी शेत पाहिलं, जुनी वही चाळली. शेत चांगलं आहे म्हणाल्या. पण मधल्या नोंदी नाहीत, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं.

"मला एकाहत्तरावं लागलंय, ताई," काका म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी बोंडअळी पडली, तेव्हा त्यांनी दुकानातून औषधाची बाटली आणली. पंपात पाणी भरलं. बाटलीवरचं बारीक अक्षर त्यांना दिसेना.

"किती घालायचं, तेवढं वाच."

मी वाचलं. मग भीती वाटून पुन्हा वाचलं.

"एकदा सांगितलं तरी बास हाय," काका म्हणाले, आणि मी सांगितलं तेवढं झाकणानं मोजून पंपात ओतलं.