बातमी खालून वाचणारे अप्पा

हसनाबादचे लिंबाजी गणपत दाभाडे यांचे मी मनापासून आभार मानतो. एवढं वाक्य आधी लिहून ठेवलं. आता बाकीचं सावकाश सांगतो.

अख्खं गाव त्यांना पेपरवाले अप्पा म्हणायचं. सायकल दुरुस्तीचं दुकान, सकाळी पेपरची एजन्सी आणि औरंगाबादहून निघणाऱ्या एका दैनिकाची वार्ताहरकी, असा त्यांचा तिहेरी संसार होता. पहिल्या एसटीने गठ्ठा यायचा. अप्पा त्यातला एक अंक उघडायचे, आपण पाठवलेली बातमी शोधायचे आणि ती खालून वर वाचायचे. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची. "वरचं तर मीच लिहिलंय, त्यात काय बघायचं?" ते म्हणत. "खालून किती कापलं ते बघावं लागतं." जागा कमी पडली की कचेरीतले लोक बातमी शेवटाकडून कापतात, हे त्यांना अनुभवाने पाठ झालं होतं. शाळेच्या गॅदरिंगचं वृत्त असो की नेत्याच्या सत्काराचं, "आभार अमुक यांनी मानले" ही ओळ हमखास उडायची. आभार मानणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानावर रुसून यायचा. अप्पा त्याच्या सायकलीत फुकट हवा भरून त्याची समजूत काढायचे.

बातमीत माणसांची नावं पाहिजेत, हा त्यांचा दुसरा हट्ट. मी दहावीला केंद्रात पहिला आलो तेव्हा त्यांनी माझं नाव छापून आणलं होतं. सोबत माझ्या वडिलांचं, आईचं आणि गणिताच्या सरांचंही. आमच्या घरातलं छापून आलेलं ते पहिलंच नाव. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कधी येत नसे. बातमीच्या डोक्यावर नुसतं "हसनाबाद (वार्ताहर)" असायचं.

पुढे मी औरंगाबादला इंजिनिअर झालो आणि वर्गमित्र रफीकबरोबर जालन्यात एक छोटी कंपनी काढली. कंपनी म्हणजे रफीकच्या अब्बांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. मोबाइल नुकतेच खेड्यात पोचले होते. आम्ही एक पेटी बनवली होती. ती विहिरीवर स्टार्टरला जोडायची आणि घरून तिच्यातल्या नंबरावर फोन करायचा, की मोटार सुरू. आमच्या भागात लाइन यायची ती रात्री. माझे वडील जन्मभर बॅटरी घेऊन अंधारात बांधावरून गेले होते, त्यातून मला हे सुचलेलं. पण तयार पेट्या कपाटात पडून होत्या. आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पुण्या-मुंबईच्या पेपरांना प्रसिद्धिपत्रकं पाठवली, उत्तर नाही. एका ठिकाणी "जाहिरात द्या, मग बातमीचं बघू" म्हणाले. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर खोली सोडायची आणि मी पुण्याला नोकरी धरायची, असं आमचं ठरलं होतं. वडील म्हणाले, "अप्पाकडं तर जाऊन ये."

अप्पांनी माझं प्रसिद्धिपत्रक हातात घेतलं आणि अर्थातच खालून वाचलं.

"'कृषी तंत्रज्ञानात क्रांती'," ते म्हणाले. "क्रांती कशाला घातली रे? सगळ्यात आधी तीच कापतेत. आन् ही पेटी बसवली कोणाच्या हिरीवर? त्याचं नाव दिसून न्हाई राह्यलं."

"अजून कुठेच नाही, अप्पा. सगळ्या कपाटात आहेत."

"मंग बातमी काय कपाटाची देऊ?"

वडिलांच्या विहिरीवर बसवतो म्हटलं, तर तेही नामंजूर. "घरचं धरत न्हाईत." शेवटी त्यांनीच मला गयाबाईंकडे नेलं. नवरा वारल्यावर ही बाई एकटी शेत कसत होती. पेटी बसवली आणि आठवडा गेल्यावर अप्पा त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला गेले. गयाबाई म्हणाल्या, "पहिले दोन मैल अंधारात जात होते. आता बाजंवरून मोटर लावते. आन् मोटर लागली का न्हाई ते बघायला तरीबी जाते, सवय हाय ना." अप्पांनी ते जसंच्या तसं लिहिलं, पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं आणि मला म्हणाले, "आता पेढे आणू नको. छापल्यावर आण."

छापून आलं. "हसनाबादच्या तरुणाचे यंत्र : घरबसल्या मोटार सुरू." पहिल्याच ओळीत माझं पूर्ण नाव. मी पेढे आणायला निघालो, तर जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

जिना, दुकान, रस्ता, सगळीकडे शेतकरी. धावड्याचे, घनसावंगीकडचे, कुठकुठले. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत सातबारा, आठ-अ आणि पासपोर्ट फोटो.

रफीक माझ्या कानाशी लागला. "अरे, ये लोगां फोटू कायकू लेके आए?"

कुंभार पिंपळगावचे एक फेटेवाले पुढे झाले. "साहेब, फारम कुठं भरायचा?"

"कसला फॉर्म?"

"पेटीचा. योजना निघाली ना."

योजना नाही, पेटी विकत घ्यावी लागते, असं मी सांगत सुटलो. कुणाचा विश्वास बसेना. शेतकऱ्यासाठी काही निघालं आणि पेपरात आलं, म्हणजे ती सरकारी योजनाच. "मंजी कोटा संपला का?" एकाने विचारलं. "यादी आधीच ठरली आसंल," दुसरा म्हणाला. तिसरा थेट कलेक्टर कचेरीत जायच्या गोष्टी करू लागला. रफीकचे अब्बा खालून ओरडले, "बेटा, ये दुकान है, तहसील नहीं! अपने डब्बे उठाओ और जाओ!" दिवाळीची वाट पाहायची गरज उरली नव्हती. मी अप्पांना फोन केला.

दुपारच्या गाडीने अप्पा आले. बाजाराचा दिवस असूनही दुकान बंद करून आले होते. त्यांनी अंक मागितला आणि बातमी खालून वाचली. मग एक स्टूल मागून घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी बसले. जो येईल त्याला त्यांचं एकच सांगणं.

"राम राम. ही बातमी मी दिल्ती. ही सरकारची योजना न्हाई, अनुदान न्हाई. तशी ओळ मी लिहिल्ती, पण ती खाली लिहिली आन् ती कापल्या गेली. चूक माझी हाय, पोरांची न्हाई. मला काय बोलायचं ते बोला. पण तिकिटाचा खर्चा करून आलाच, तर पेटी बघून जा."

लोक बोलले, पोटभर बोलले. अप्पा मान हलवून "बराबर हाय" म्हणत राहिले. वार्ताहर म्हणून इतकी वर्षं काढलेला माणूस अनोळखी लोकांपुढे स्वतःची चूक सांगत संध्याकाळपर्यंत बसला होता. रागावून आलेली माणसं हळूहळू निवळली आणि आत डोकावू लागली. रफीकने बाकावरच्या मोटारीला पेटी जोडली. फेटेवाल्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी नंबर दाबला, मोटार घुर्र करून सुरू झाली आणि ते दचकून मागच्याच्या अंगावर पडले. मोठा हशा पिकला. अब्बाही हसले. मग फेटेवाल्यांनी सातबारा घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "इकत घेतली तर कधी बसवतान?"

संध्याकाळी मी अप्पांना बसस्टँडवर सोडायला गेलो. न राहवून विचारलं, "अप्पा, ती ओळ तुम्हीच खाली कशी लिहिली?"

ते गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाले, "आजवर पुढाऱ्यांची नावं वर घालून राह्यलो. म्हटलं, एक डाव आपल्या पोराचं घालावं. त्या नादात बाकीचं खाली गेलं."

त्यांची दुसरी बातमी "सरकारी योजना नाही, अनुदान नाही, तरीही..." या शब्दांनी सुरू झाली. खालच्या दोन ओळी कापल्या गेल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही. दिवाळीपर्यंत कपाट रिकामं झालं. मी पुण्याला गेलो नाही. आजही जालन्यातच आहे.

अप्पा गेले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा वार्ताहर नेमलेला नव्हता. कचेरीतून मला फोन आला, चार ओळी लिहून द्या. मी त्यांच्याच पद्धतीने लिहिल्या. पहिल्या ओळीत पूर्ण नाव. मग अंत्यविधीची वेळ, कारण लोकांना ती कळायला हवी. मग मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं, एकही न गाळता. माझं स्वतःचं एक वाक्य होतं, ते साहजिकच सगळ्यांच्या खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी अंक उघडला आणि ती बातमी मी खालून वाचायला घेतली. नातवंडं सगळी आली होती. सुना आल्या होत्या. वेळ बरोबर होती. वर, अगदी पहिल्या शब्दापासून, लिंबाजी गणपत दाभाडे. आयुष्यभर "(वार्ताहर)" राहिलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. शेवटचं वाक्य तेवढं कापलं गेलं होतं.

ते या लेखात मी सगळ्यात वर घातलं आहे.