अनघाच्या हाताबद्दल मी जे बोलले नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुला का सांगतेय, कोण जाणे — फक्त मधे थांबवू नकोस, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या भारतीय बायकांत जपानी नीट बोलणारी मी एकटी. कुणाचं दुखलं-खुपलं की मला हाक. खरं सांगू? आवडायचं मला ते. भारी मिरवायचे.

शेजारच्या अनघानं लस घेतली आणि त्याच संध्याकाळी तिचा हात बधिर झाला. लाटणं धरवेना. चार दिवसांनी मी तिला क्लिनिकमध्ये नेलं. ती बिचारी सगळं सांगत होती — किती वाजता, कुठल्या बोटापासून. बाहेर ही गर्दी, डॉक्टर घड्याळाकडे बघतायत, आणि मला मेली लाज वाटायला लागली. किती बाऊ करते ही! तिच्या एवढ्या बोलण्याचं मी जपानीत काय केलं? ‘काही दिवसांपासून हात दुखतोय.’ बस्स. लशीचं नावसुद्धा काढलं नाही.

हात बरा झालाच नाही. लशीनं त्रास झाला म्हणून सरकारकडे भरपाईसाठी अर्ज करायचं ठरलं, तोही मीच भरला. तिला पैशांचं फारसं नव्हतं गं. सासरचे म्हणत होते, नाटकं करते — तर कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, की ती नाटकं करत नाही. क्लिनिकच्या नोंदींची प्रत आली. पहिल्याच पानावर — त्रास कधी सुरू झाला, अस्पष्ट. चूक माझी आहे, असं चार ओळींत लिहून देता आलं असतं की नाही? नाही दिलं. मग बिल्डिंगमध्ये मला कुणी विचारलं असतं?

अर्ज नामंजूर झाला. कारण तेच. पत्र मीच तिला वाचून दाखवलं, तिच्याच सोफ्यावर बसून.

“डॉक्टरांनीच नीट लिहिलं नाही,” ती म्हणाली. “तू तरी किती धावपळ केलीस गं.”

तेव्हापासून ती बाल्कनीत एका हातानं कपडे वाळत घालत असली की मी बाहेर जात नाही. मी कुणाकडेच जात नाही हल्ली. दिवसभर घरात एकटी असते.

आणि — अजून एक आहे. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, निर्णय मान्य नसेल तर अमुक मुदतीत दाद मागता येईल. “अजून काय लिहिलंय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “काही नाही, सही-शिक्का.”

ती मुदत गेल्या आठवड्यात संपली. मला हायसं वाटलं.