खाली आलेलं विमान

ती घटना आठवली की आजही आधी धास्ती वाटते आणि मग हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चंबळेच्या खोऱ्यातल्या टोळ्यांमागे बूट झिजवले. पण कुणी आठवण सांगा म्हटलं, की मी हीच सांगतो. नावं मात्र सांगणार नाही. ती माणसं अजून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहतात आणि दसऱ्याला सोनं द्यायला येतात.

संस्थान विलीन होऊन नुकतंच मध्य भारत राज्य झालं होतं. आमच्या टोपीवरचे बिल्ले बदलले, कागदांवरचे शिक्के बदलले. कचेऱ्यांची ग्वाल्हेर आणि इंदूर अशी वाटणी झाली आणि लष्करातल्या कितीतरी घरांतला कर्ता मुलगा इंदूरला जाऊन राहिला. मी तेव्हा इंदरगंज भागातल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. महायुद्ध संपल्यावर मोडीत निघालेली फौजी विमानं स्वस्तात घेऊन त्या काळी ज्याला सुचेल तो विमान कंपनी काढत होता. चढाओढीत भाडी इतकी उतरली, की एखादा हौशी कारकूनही विमानात बसून यायचा. मग मंदी आली, उतारू आटले आणि या कंपन्या एकेक करून बसू लागल्या. पोलिसांचा त्याच्याशी काय संबंध, असं मला वाटायचं.

एका दुपारी संस्थानी फौजेतून निवृत्त झालेले एक रिसालदार ठाण्यात आले. माणूस ताठ, पण टेबलाची कड धरून उभे राहिले.

"दरोगाजी, हवाई जहाज पडलं. माझा पोरगा होता त्यात."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मुलगा इंदूरला सचिवालयात होता. सुनेचं डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी, म्हणून विमानानं येणार होता. त्याला आणायला घरचा नेहमीचा तांगेवाला हवाई अड्ड्यावर गेला होता. तो एकटाच परत आला, दारात सुनेला विमान पडल्याचं सांगितलं आणि तिनं हंबरडा फोडताच घाबरून निघून गेला. रिसालदार त्या वेळी देवळात होते. ते घरी आले तेव्हा सगळी आळी दारात जमली होती.

"कुठं पडलं?"

"तेच तर पता लागत नाही हो."

रपट लिहून घेतली आणि हवाई अड्ड्यावर फोन लावला. तिथला फोन कंपनीच्या खोलीत, तो नुसता वाजत राहिला. सायकलवरून शिपाई पाठवला. त्यानं परत येऊन सांगितलं, की खोलीला कुलूप आहे, मैदानात गुरं चरताहेत आणि गुराख्यांनी सकाळी विमानाचा आवाज ऐकला, पुढचं त्यांना ठाऊक नाही. इंदरगंजच्या चौकातल्या कंपनीच्या कचेरीलाही कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, "साहब, कंपनी डूब गई." हे वाक्य चौकातून महाराज बाड्याच्या बाजारात पोचेपर्यंत विमान चंबळेत बुडालं होतं. माझे दोन शिपाई तर पोहणारे बोलवायचे का म्हणून विचारायला आले!

मी रिसालदारांच्या घरी गेलो. ओसरीवर बायका, आत बायका. रिसालदारांची विधवा बहीण, आत्याबाई, सगळं हाती घेऊन बसली होती. सुनेच्या कपाळाचं कुंकू उतरवायची घाई तिला झाली होती. सून भिंतीला पाठ लावून बसलेली. सातारकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, हिंदीचा गंध नाही. गळ्यातलं मंगळसूत्र तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"डोळ्यानं बघितल्याबिगर मी ह्याला हात लावू द्यायची न्हाई," ती मला म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. "तुम्ही पोलीस हाय न्हवं? मग आधी दाखवा."

आत्याबाईंना मी जरा दरडावूनच सांगितलं, की पोलिसांचा तपास पुरा होईपर्यंत या घरात कोणताही विधी होणार नाही. असा काही कायदा नाही. पण खाकी कपड्यांचा कधीतरी असाही उपयोग होतो.

आता सगळं त्या तांगेवाल्यावर होतं. तोच तेवढा हवाई अड्ड्यावर गेला होता आणि तोच गायब होता. दिवस कलायच्या सुमारास तांगा अड्ड्यावरच्या आमच्या खबऱ्यानं कानाशी येऊन सांगितलं, की तो कंपू मोहल्ल्यात साडूच्या तबेल्यात लपलाय. शिपायांनी त्याला गवताच्या गंजीमागून काढून आणला.

हेड कॉन्स्टेबलनं त्याला आपल्या पद्धतीनं विचारायला सुरुवात केली. तो एकच म्हणत होता, "हुजूर, मुझे कुछ नहीं मालूम. मैंने कुछ नहीं कहा." अफवा पसरवली म्हणून आपल्याला आत टाकणार, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. भ्यालेला माणूस खोटं बोलतो असं नाही, तो सगळ्यालाच नाही म्हणतो. मी हेडला बाहेर पाठवलं, चहा मागवला आणि घोड्याची चौकशी केली. घोड्याला दाणा मिळाला नसेल या काळजीनं तो रडायला लागला. मग जरा बोलता झाला.

मी विचारलं, "दारात तू काय शब्द बोललास, तेवढंच सांग. जसेच्या तसे."

"हुजूर, मराठी में बोला था. बहूरानी को हिंदी कहाँ आती है?"

"मग मराठीतच सांग."

तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "बाईसाहेब, जहाज खाली आलं. साहेब नाही आले."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"खाली म्हणजे?"

"खाली, हुजूर! एक भी सवारी नहीं. पायलट साहब बोले, कंपनी बंद हो गई, सवारियाँ इंदौर में उतार दीं, जहाज दिल्ली में जमा होगा. फिर उड़ गए."

मी खुर्चीतून उठलो आणि त्याला मिठीच मारली. दारात उभा असलेला हेड कॉन्स्टेबल चक्रावून बघत राहिला. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं. सातारच्या पोरीला खाली म्हणजे खालीच. तिनं घाबरून 'पडलं' म्हणत टाहो फोडला आणि घरात, आळीत, ठाण्यात सगळीकडे तोच शब्द गेला. आम्ही सगळे ग्वाल्हेरकर दोन्ही भाषा पाजळणारे, पण मूळ शब्द आमच्यापैकी एकाच्याही कानावर आला नव्हता. तांगेवाला हिंदीत बोलला असता, तर तिला काहीच कळलं नसतं आणि तेच बरं झालं असतं.

इंदूरच्या कोतवालीला ट्रंक कॉल लावला. दिवेलागणीला उलट फोन आला, तो खुद्द चिरंजीवांचाच. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत सापडले होते.

"दरोगासाहेब, मला या कंपनीवर केस करायची आहे! बायकामुलांना सामानासकट उन्हात उतरवून दिलं यांनी! एक म्हातारे तर दिल्लीला ऑपरेशनसाठी निघाले होते, ते धावपट्टीच्या कडेला ट्रंकेवर बसून होते. पैसे मागितले तर म्हणतात, कंपनीच राहिली नाही!"

इतकी गोड तक्रार मी उभ्या नोकरीत ऐकली नाही. त्यांना म्हटलं, आधी घरी या, मग आपण दोघं मिळून भांडू. त्यांनी घरी तारही केली होती. ती पोचली दुसऱ्या दिवशी, ते स्वतः येऊन जेवल्यावर.

मी तसाच रिसालदारांकडे गेलो. सुनेला समोर बसून नीट समजावलं. तिनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"म्हंजी इमानात कुनीच न्हवतं?"

"कुणीच नव्हतं, पोरी."

"लई बरं झालं," ती म्हणाली आणि सकाळच्या त्या हंबरड्यानंतर पहिल्यांदा रडली. रिसालदार देवघराकडे वळले ते किती वेळ बाहेरच आले नाहीत.

सकाळच्या गाडीनं मुलगा आला. त्याला स्टेशनवरून आणायला मी मुद्दाम त्याच तांगेवाल्याला पाठवलं होतं. तांगा आळीत शिरताच तो उभा राहून ओरडला, "बाईसाहेब, तांगा भरून आला!" सगळी आळी हसली. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेव्हा सून दारातून म्हणाली, "आत्याबाई, तांगेवाल्या मामांवरनंबी ओवाळा." आत्याबाईंनी निमूट ओवाळला. दुपारी डोहाळजेवण झालं आणि ठाण्यात जिलबी आली.

कंपनीवर केस काही उभी राहिली नाही. दिवाळं निघणं हा आमच्या कलमांतला गुन्हा नव्हता. पण मला अजून वाटतं, की त्या कचेऱ्यांना कुलूप घालताना "उतारू इंदूरला सुखरूप आहेत" एवढं सांगायला एक माणूस जरी मागे ठेवला असता, तर एका घरावर तो दिवस आला नसता. धंदा बुडाला की मालक हिशेब बघतात, उतारू कुणाच्याच ध्यानात राहत नाहीत.

तपासापुरतं मी एक शिकलो. माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, त्याच शब्दांत जबानी घ्यायची. पुढे हाताखालच्या पोरांना मी हेच घोकून घ्यायला लावलं. पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. त्या दिवशी पोरगा गेला असं रिसालदारांनी मानलं, आळीनं मानलं, खरं सांगायचं तर मीही मनातून मानलं होतं. सगळं शहर एका बाजूला असताना, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मूठ उघडणार नाही म्हणून बसलेली ती एकटी होती. त्या दिवशी या प्रकरणाचा तपास अधिकारी मी नव्हतोच, ती होती.