वऱ्हाडातला ऱ

सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तो सोमवार होता, आणि बुधवारी सकाळी मला रायपूरहून दिल्लीचं विमान पकडायचं होतं. दिल्लीहून पुढे युरोपातलं एक शहर. व्हिसा लागलेला पासपोर्ट कपाटात ठेवला होता. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा देशाबाहेर जाणार होते, आणि तेही एका अक्षरासाठी.

ते अक्षर म्हणजे ऱ. वऱ्हाडात येतो तो, कुऱ्हाडीत येतो तो. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे रायपुरात कोणाला त्याची आठवणही होत नाही. मला झाली ती नणंदेमुळे. ती वर्ध्याला मसाले करून विकते. तिला वेबसाइट हवी होती, आणि तिचा पत्ता देवनागरीत हवा होता, वऱ्हाडी या नावानं. मी शंकर नगरातल्या एका ऑफिसात वेबसाइट बनवण्याचंच काम करते, म्हणून तिनं मला सांगितलं. मी पत्ता नोंदवायचा फॉर्म भरला. ऱ टाकला की खाली लाल ओळ यायची, हे अक्षर चालणार नाही. साधा र टाकून पाहिला, तर वर्हाड असं काहीतरी भलतंच दिसायला लागलं. चिडून मी फॉर्मवर दिलेल्या पत्त्यावर तक्रार लिहिली आणि विसरून गेले.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. इंटरनेटच्या पत्त्यांत कुठल्या लिपीतली कुठली अक्षरं चालतील हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय गट असतात, असं त्यात होतं. देवनागरीच्या गटात हिंदीचे लोक आहेत, नेपाळीचे आहेत, मराठीचं सध्या कोणी नाही, तुम्ही याल का? पगार नाही, महिन्यातून दोनदा कॉम्प्युटरवर बैठक. मी डबा खाता खाता हो लिहिलं. पुण्या-मुंबईत एवढे विद्वान सोडून माझ्यासारखीला का विचारता, हे मी विचारलं नाही. विचारलं तर ते खरंच दुसरं कोणी शोधतील अशी भीती वाटली.

वर्षभर बैठका झाल्या. माझं म्हणणं एवढंच होतं, की ऱ यादीत घ्या. समोरच्यांचं म्हणणंही मूर्खपणाचं नव्हतं. सुटे लिहिले तर र आणि ऱ, नुसत्या एका टिंबाचा फरक. छोट्या पडद्यावर तो दिसणार नाही. कोणीतरी बँकेच्या नावात टिंबवाला र घालून लोकांना फसवेल. नेपाळीतही असा एक र आहे, पण तिथले गृहस्थ म्हणाले, आम्ही त्याच्याशिवाय भागवू. मग राहिले मी एकटी. गटाचे अध्यक्ष दिल्लीचे निवृत्त प्राध्यापक होते, अतिशय सभ्य माणूस. ते हिंदीत म्हणाले, "मॅडम, असं दुरून नाही सुटायचं. तुम्ही परिषदेला या. समोरासमोर बसू." सगळ्या लिप्यांचे गट तिथे जमतात. येण्या-जाण्याचा खर्च परिषदेनं दिला होता.

आणि सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं.

नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "मले सुट्टी नाई भेटणार. भट्टीचं शटडाउन सुरू आहे." ते खरं होतं. तो दोन दिवस झोपलाही नव्हता. नणंदेकडे तिची लेक बाळंतपणाला आलेली. सगळ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या, आणि कोणीही मला जाऊ नको असं म्हटलं नाही. फक्त, जा असंही कोणी म्हटलं नाही. मी वाट पाहिली. मंगळवारी संध्याकाळी मोबाइलवर तिकीट रद्द केलं.

अध्यक्षांनी लिहिलं, काळजी नको, घरून भाग घेता येतो.

भनपुरीतल्या आमच्या घरात कूलर एकाच खोलीत आहे, पुढच्या. जून महिना. हॉस्पिटलमधून आणल्यावर सासूबाईंचा पलंग तिथे लावला, तर माझं टेबल कुठे न्यायचं? तेही तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी. दुपारी अडीचला तिकडची सकाळ व्हायची आणि पडद्यावर सभागृह उघडायचं. टेबलांवर पाण्याचे ग्लास, गळ्यात पट्टे घातलेली माणसं. बाहेर ट्रक जात आणि खिडकीच्या फटीतून काळी धूळ येऊन लॅपटॉपवर बसे. बोलायचं असेल तर पडद्यावरचं हाताचं चित्र दाबायचं. मग नाव रांगेत लागतं, आणि पाळी आली की दोन मिनिटं मिळतात. कूलरच्या आवाजानं माझं बोलणं त्यांना ऐकू येत नसे. म्हणून पाळी जवळ आली की मी कूलर बंद करायची. सासूबाई घामानं भिजायच्या, काही म्हणायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट कळली. सभागृहात फारसं काही ठरत नव्हतं. माणसं चहाच्या सुट्टीत बाहेर जात, तेव्हा पडद्यावर रिकाम्या खुर्च्या दिसत, आणि परत येत ती एकमत होऊन. त्या अर्ध्या तासात कोण कोणाशी काय बोललं, हे मला कधीच कळणार नव्हतं. मी खुर्च्यांकडे बघत बसायची.

"काय पाहून राहिली व एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. सुट्टी झाली त्यांची."

"मंग तू बी उठ न. पाय मोकळे कर."

मी त्यांना सगळं सांगितलं होतं. वऱ्हाड लिहिता येत नाही हे ऐकून त्या आधी हसल्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपलं गावच नाई थ्यांच्या पुस्तकात?" लग्न होऊन त्या वऱ्हाडातून रायपूरला आल्या, सासरे रेल्वेत होते. पन्नास वर्षांत त्यांनी बोली सोडली नाही. भाजीवालीशी छत्तीसगढीत हव हव करायच्या आणि वळून आमच्याशी वऱ्हाडीत.

तिसऱ्या दिवशी आमच्या गटाचा मसुदा समोर आला. त्यात ऱ नव्हता. मी हात वर केला. रांगेत चौथी. दोन मिनिटांचं बोलणं कागदावर लिहून, घड्याळ लावून, दहा वेळा म्हणून पाहिलेलं. कूलर बंद केला. पहिला माणूस बोलला. दुसरा बोलायला लागला.

"बाई," सासूबाई म्हणाल्या. "मले लागली."

"दोन मिनिटं थांबता का आई?"

"थांबते न."

त्या थांबल्या. मी कानात इयरफोन घालून तिसऱ्याची वाट पाहत होते, पण नजर पलंगाकडे गेली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि चादर मुठीत धरली होती. सत्तरी उलटलेली बाई, जिनं कधी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. मी इयरफोन ओढून काढला आणि उठले.

सळई घातलेल्या माणसाला बेडपॅनवर घ्यायचं म्हणजे घाईचं काम नसतं. एक हात कमरेखाली, एक मांडीखाली, इंचाइंचानं. इयरफोन निघाल्यामुळे आवाज आता खोलीभर येत होता. माझं नाव पुकारलं गेलं. चुकीच्या उच्चारात, पण माझंच. माझे दोन्ही हात त्यांच्या खाली होते. पुन्हा पुकारलं. मग थोडी शांतता, आणि मग अध्यक्षांचा इंग्रजीतला सभ्य आवाज, कोणाचीच हरकत दिसत नाही, तेव्हा मसुदा संमत. टाळ्या वाजल्या.

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, टाळ्या समजल्या.

"झालं का तुह्यं?"

"झालं आई."

मी पॅन धुऊन आले, कूलर लावला. पडद्यावर दुसऱ्याच लिपीचे लोक बसले होते.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, हमने दो बार आपको बुलाया. हमें लगा आप मान गईं." मी म्हटलं, मी मानलेलं नाही. ते म्हणाले, लेखी हरकत घ्यायला आठवडाभर आहे, तुम्हाला तो हक्क आहे. पण एकाचीही हरकत आली की अख्खी देवनागरी मागे जाते. हिंदीवाले, नेपाळीवाले, सगळे पुन्हा रांगेत. "आप सोच लीजिए." त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता, आणि म्हणूनच मला भांडता येईना. मी गप्प राहिले तर वऱ्हाड जाणार, बोलले तर इतक्या लोकांचं वर्षभराचं काम माझ्या नावानं अडणार. आणि ही हरकत घ्यायला मी कोण? माझ्याच घरात माझी शाळकरी पोरगी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते.

तीन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. नवऱ्याला वाटलं, जाणं हुकलं म्हणून. चौथ्या दिवशी सासूबाईंना भरवताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"खरं सांग. त्या दिवशी काय झालं?"

मी सांगितलं. 

"म्हंजे मह्या मुतानं अडलं तुह्यं."

"असं नका म्हणू आई."

"आता काय करून राहिली मंग?"

"हरकत लिहायची तर पाळीला का नव्हते ते सांगावं लागेल. लाइट गेली होती असं लिहीन. रायपूर म्हटल्यावर पटेल त्यांना."

"काहून? खरं लिव न."

"आई, ते सगळ्या जगाला दिसतं. कायमचं राहतं."

"राहू दे न बापा. थ्यांच्या घरी कोणी मुतत नाई काय?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. त्यांनी चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दोन तास बसायला आल्या तेव्हा मी शंकर नगरला ऑफिसात गेले. लाइट गेल्याचं पत्र आधी लिहून पाहिलं. ते अगदी छान जमलं होतं. ते खोडलं. मग लिहिलं, की रांगेत मी चौथी होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मोडल्या खुब्याच्या सासूबाईंना मी बेडपॅनवर घेत होते. माझं गप्प असणं ही संमती नव्हती. खाली ऱचं सगळं म्हणणं मांडलं. त्यात एक नवी सूचनाही घातली, की ऱ एरवी नको, फक्त य आणि ह यांना जोडून आला तरच चालू द्या, तिथे तो टिंबानं नाही, आडव्या फटकाऱ्यानं ओळखू येतो, म्हणजे फसवणुकीची भीती बरीच कमी होईल. पाठवण्याचं बटण दाबलं आणि घरी निघाले.

दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही. मग नेपाळीच्या गृहस्थांची एक ओळ आली, सूचना योग्य आहे, आम्हालाही चालेल. त्यानंतर एकानं लिहिलं, की एका सदस्याच्या घरगुती परिस्थितीमुळे लिपीचं काम खोळंबणं दुर्दैवी आहे. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली, की तिचे स्वल्पविरामसुद्धा पाठ झाले.

काम खोळंबलं. दिवाळी होऊन गेल्यावर सुधारलेला मसुदा आला. ऱ त्यात होता, य आणि ह यांच्या आधी. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "अवो वहिनी, मी तं इंग्रजीतच घेतली वेबसाइट. चालून राहिली मस्त." सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी कागदावर लिहून दाखवायला लावलं. चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हव. हाच."

मला वाटलं होतं, आता सुटले. पण गट बरखास्त होत नाही. यादीत बदल सुचवले जातात, ते तपासायला प्रत्येक भाषेचं माणूस लागतं. माझी मुदत संपली तेव्हा मी दोन मराठीच्या प्राध्यापकांना लिहिलं, माझ्या जागी याल का. एकांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, अक्षरांचं काय असतं ठरवायचं? मी सोडलं तर मराठीची खुर्ची रिकामी, आणि रिकाम्या खुर्चीची हरकत कधीच दिसत नाही. मी पुन्हा सही केली. अध्यक्षांनी आभार मानले. फोन मात्र त्यांनी त्यानंतर कधी केला नाही.

पुढच्या परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा हिवाळा होता. सासूबाई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागल्या होत्या. नणंद पंधरा दिवस येऊन राहायला तयार होती. नवऱ्यानं रजेचा अर्ज आधीच देऊन टाकला. या वेळी तो स्वतःहून म्हणाला, "जा तू. बिनधास्त जा." देश दुसरा होता, व्हिसा नव्यानं काढायचा. मी पगाराच्या पावत्या, लग्नाचा दाखला, घराचे कागद, सगळं जोडलं.

पासपोर्ट परत आला त्यात शिक्का नव्हता, एक छापील कागद होता. तुम्ही मुदत संपल्यावर मायदेशी परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही.

सासूबाई अंगणात उन्हात खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या. मी त्यांना कागदाचा अर्थ सांगितला. त्यांनी हातातली शेंग तशीच ठेवली.

"म्हंजे? तू वापसच येणार नाई म्हणते काय थे?"

"हो आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. खरं तर मी हसून काहीतरी बोलायला हवं होतं. पण त्या क्षणी मनात आलं, की तिथल्या माणसानं मला समोर बसवून हेच विचारलं असतं, तर मी चटकन हो, येईन परत, असं म्हणू शकले असते का? मी खाली बसले, अर्ध्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या आणि सोलायला लागले.